वेळ हाताशी आला, तरी घाई का सुटत नाही?

सांजवेळ

गेल्या सहा महिन्यांपासून मी आठवड्यातील चार दिवस घरून काम करते. जाण्यायेण्यात रोज जे दोन तास जात, ते वाचले. त्याआधी कित्येक वर्षे माझी अशी ठाम समजूत होती की माझ्या धावपळीचे मूळ त्या प्रवासात आहे, आणि तो एकदा थांबला की मी जरा सावकाश जगू लागेन, घरच्यांशी नीट बोलेन, हाती घेतलेल्या कामात मन घालीन. प्रवास थांबला, घाई मात्र जिथल्या तिथे आहे. आता मी बसल्या जागी घाईत असते, एवढाच काय तो फरक.

दोन प्रसंग सांगते, म्हणजे मला काय विचारायचे आहे ते स्पष्ट होईल. माझी नऊ वर्षांची मुलगी रात्री झोपण्यापूर्वी माझ्याकडून गोष्ट वाचून घेते. परवा वाचताना माझ्या हातून दोन पाने एकदम उलटली गेली आणि मी तशीच मोठ्याने पुढे वाचत राहिले. विहिरीत अडकलेला मुलगा पुढच्याच ओळीत घोड्यावर बसला होता, तरी मला काही खटकले नाही. मुलीने पान मागे उलटून दिले आणि म्हणाली, "आई, तू वाचतेस, पण ऐकत नाहीस." दुसरा प्रसंग सांगताना लाज वाटते. वडिलांचा फोन आला तेव्हा मी संगणकावर कामाचे पत्र वाचत होते. ते त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या निधनाची बातमी सांगत होते, आणि त्यांचे वाक्य संपल्याचे कानाला जाणवताच मी सवयीने "अरे वा, छान झाले" असे म्हणून गेले. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी विषय बदलला.

मी काही उपाय केलेच नाहीत असे नाही. ध्यानाचे एक ॲप घेतले. रोज दहा मिनिटे बसले की ते दिवसांची साखळी मोजते. विसाव्या दिवशी रात्री साडेअकरा वाजता, केवळ ती साखळी तुटू नये म्हणून, मी दिवा मालवून अंथरुणात बसले होते आणि दहा मिनिटे कधी संपतात याची मनातल्या मनात मोजदाद करीत होते. माझे मलाच हसू आले. कामांच्या यादीत आणखी एका कामाची भर पडली, यापलीकडे त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मुद्दाम सावकाश चालणे, सावकाश भांडी घासणे हेही करून पाहिले. हात सावकाश चालतात आणि मन त्यांच्यावर चिडते.

म्हणून विचारते की संथपणा आणि समोरच्या क्षणी हजर असणे या दोन गोष्टी एकच आहेत का, आणि नसतील तर सुरुवात कशापासून करावी? नोकरी सोडा, महिनाभर एकांतात जा, फोन फेकून द्या, हे सल्ले मला ठाऊक आहेत. माझ्या परिस्थितीत ते शक्य नाहीत.

रातपाळी

मी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात चौदा वर्षे परिचारक म्हणून काम करतो आहे. माझ्या कामात संथपणाला फारसा वाव नसतो, आणि तरीही जो मनाने हजर नाही असा माणूस तिथे धोकादायक ठरतो. त्या अनुभवावरून एवढे नक्की सांगू शकतो की या दोन गोष्टी एक नाहीत. विलक्षण वेगाने हात चालत असताना मन संपूर्णपणे त्या हातांत असू शकते, आणि सुटीच्या दिवशी आरामखुर्चीत पडलेल्या माणसाचे मन चार ठिकाणी असू शकते. तुम्ही हातांचा वेग कमी केलात, पण मन जिथे गुंतले होते तिथून ते सोडवून घेतले नाहीत. मग ते चिडणारच.

मन गुंतते कुठे, याविषयी सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले काम मला माझ्या नोकरीच्या फार जवळचे वाटते. एक काम पुरते मिटवल्याशिवाय आपण दुसऱ्याकडे वळलो, की आपल्या लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात शिल्लक राहतो आणि दुसरे काम त्या मानाने कमी प्रतीचे होते, असे त्यांना आढळले. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोघांनी २०११ मध्ये त्याला पूरक अशी एक गोष्ट दाखवली: अपूर्ण राहिलेले उद्दिष्ट मनात पुन्हा पुन्हा डोकावते खरे, पण ते केव्हा आणि कसे पुरे करायचे याची नेमकी योजना आखली, की काम पूर्ण झालेले नसतानाही ते डोकावणे थांबते. म्हणजे मनाला काम संपण्याची तितकी गरज नसते. ते कुणाच्या तरी हवाली झाले आहे, एवढी खात्री त्याला पुरते.

आम्ही याला हँडओव्हर म्हणतो. पाळी संपताना प्रत्येक खाटेपाशी उभे राहून पुढच्या पाळीच्या माणसाला सांगायचे असते: कोणते औषध किती वेगाने सुरू आहे, कोणत्या तपासणीचा अहवाल यायचा आहे, रात्री कशावर नजर ठेवायची आहे. ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवायचे आणि मग सही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे हे घाईघाईने, जिन्यात उभ्या उभ्या होत असे, आणि मी घरी येऊन रात्री दोनला दचकून उठत असे की सात नंबरच्या रुग्णाची लघवीची नोंद मी केली की नाही. हँडओव्हर लेखी आणि ठरावीक क्रमाने होऊ लागल्यावर ते दचकणे जवळजवळ थांबले. रुग्ण तितकेच गंभीर होते आणि मीही तोच होतो. फक्त ते माझ्या डोक्यातून कागदावर आणि कागदावरून दुसऱ्याच्या डोक्यात गेले होते.

तुमच्या बाबतीत पुढच्या पाळीवर येणारी व्यक्ती म्हणजे उद्या सकाळच्या तुम्हीच आहात. काम बंद करताना तिला दोन-तीन ओळी लिहून द्या: काय झाले, कुठे थांबले, उद्या पहिला हात कशाला लावायचा. 'अहवाल बघणे' असे मोघम लिहिले तर मन त्यावर विश्वास ठेवत नाही, म्हणून 'अहवालाच्या चौथ्या पानावरील बेरीज ताळ्याला लावणे' असे लिहावे.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी मला कुणी शिकवली नाही. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात निर्जंतुक करणे आम्हाला बंधनकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार अल्कोहोलयुक्त द्रावण हातांना २० ते ३० सेकंद चोळायचे असते, साबण-पाणी असेल तर सगळे मिळून ४० ते ६० सेकंद लागतात. हेतू जंतूंचा प्रसार रोखणे हा आहे. पण काही वर्षांनी माझ्या लक्षात आले की त्या वीस-तीस सेकंदांत मी मागची खाटही हातांवरून उतरवतो. बोटांच्या बेचक्यांत द्रावण चोळताना मी ज्याच्याकडे चाललो आहे त्याचे नाव मनात घेतो, आणि पडदा बाजूला करतो तेव्हा मी खरोखर त्याच्याकडे आलेलो असतो. तुमचा दोन तासांचा प्रवास कितीही त्रासाचा असला, तरी तो कार्यालय आणि घर यांच्यामधला उंबरठा होता, आणि तो गेल्यावर दोन्ही खोल्या एकमेकींत मिसळल्या, असे मला तुमचे लिहिणे वाचून वाटले. गोष्टीचे पुस्तक उघडण्यापूर्वी अर्धा मिनिट हात धुऊन पाहा.

दुसरी_बाजू

वरील उत्तर चांगले आहे आणि मीही त्यातले काही उचलणार आहे, पण प्रत्येक वेळी माणसाने स्वतःचे मनच दुरुस्त करायला घ्यावे, या गृहीताला माझा आक्षेप आहे. घाई हा पुष्कळदा स्वभावाचा दोष नसून परिस्थितीचा परिणाम असतो, आणि मग त्यावर मनाचे उपाय करणे म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणे होय.

डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यासाठी पाठवण्यात आले. काहींना सांगितले होते की तुम्हाला उशीर झाला आहे, काहींना सांगितले होते की तुम्ही अगदी वेळेवर आहात, आणि उरलेल्यांना भरपूर वेळ असल्याचे सांगितले होते. वाटेत एक माणूस दारात वाकून कण्हत, खोकत बसवला होता. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के, मधल्या गटातील ४५ टक्के आणि उशीर झालेल्यांपैकी अवघे १० टक्के त्याच्या मदतीसाठी थांबले. यातील निम्म्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायचे होते ते जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बोधकथेवर! ती कथा डोक्यात असण्याचा किंवा विद्यार्थ्याच्या धार्मिक वृत्तीचा, तो थांबेल की नाही याच्याशी म्हणावा असा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो घाईचा.

हे सविस्तर सांगण्याचे कारण तुमच्या वडिलांचा फोन. तुम्हाला जी लाज वाटते आहे ती 'मी अशी कशी' या स्वरूपाची आहे, आणि माझ्या मते ती चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. त्या क्षणी तुमच्या समोर कामाचे पत्र उघडे का होते, त्याला तत्काळ उत्तर द्यायलाच हवे असे कुणी ठरवले, आणि ठरवले नसेल तर तुम्हीच गृहीत धरले आहे का, हे प्रश्न आधी विचारा. माझ्या बाबतीत तसेच निघाले होते. संध्याकाळी सातनंतरच्या निरोपांना लगेच उत्तर अपेक्षित आहे अशी माझी दोन वर्षे समजूत होती, आणि एकदा धीर करून विचारले तेव्हा वरिष्ठ म्हणाले की ते निरोप त्यांना सुचतात तेव्हा लिहून ठेवतात, एवढेच. सगळीकडे इतके सोपे नसते, हे मान्य आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मुक्त राहण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. ज्या गोष्टीसाठी कायदा करावा लागतो, ती एकट्या माणसाच्या दहा मिनिटांच्या ध्यानाने सुटावी ही अपेक्षा जरा जास्त आहे.

तुमच्यासाठी माझा एकच प्रश्न आहे: ते वाचलेले दोन तास आता कुणाकडे आहेत? आठवडाभर लिहून पाहा.

परतवाट

मी सुमारे सतरा वर्षे ध्यानाचा अभ्यास करतो, आणि सुरुवातीलाच सांगतो की तुमचे ते रात्री साडेअकराचे दृश्य मला अपयशाचे वाटत नाही. आपण साखळीसाठी बसलो आहोत हे तुम्हाला बसल्या बसल्या दिसले आणि त्याचे हसू आले. वीस दिवसांत खऱ्या अर्थाने ध्यान घडले असेल तर ते तेव्हा.

ज्याला हल्ली सर्वत्र सजगता म्हणतात, त्याच्या मुळाशी 'सति' हा पाली शब्द आहे. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये आपल्या इंग्रजी भाषांतरात त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा जो शब्द योजला, तोच पुढे रूढ झाला. पण सति म्हणजे संस्कृतातील स्मृती. मूळ अर्थ आठवण. संथपणाचा त्या शब्दात मागमूस नाही, आणि मन एका जागी खिळवून ठेवण्याचाही नाही. आपण इथे आहोत याची आठवण होणे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ मी घेतो. आणि आठवण होण्यासाठी आधी विसर पडावा लागतो, हे उघड आहे. त्यामुळे मन भरकटणे हा या अभ्यासातील अडथळा नसून त्याचा कच्चा माल आहे.

ते किती भरकटते याची मोजणीही झाली आहे. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दिवसभरात अवचित फोन वाजे, आणि आत्ता काय करता आहात, मन त्यात आहे की अन्यत्र, कसे वाटते आहे, असे विचारले जाई. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन अन्यत्र होते. आणि माणूस काय करतो आहे यापेक्षा त्याचे मन तिथे आहे की नाही, यावरून त्याच्या सुखाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. मन एखाद्या सुखद विषयाकडे गेलेले असले, तरी ते हातातल्या कामात असण्यापेक्षा अधिक सुख देत नव्हते, हे मला त्यातील सर्वांत विचार करण्याजोगे निरीक्षण वाटते. तेव्हा दोन पाने उलटली गेली यात तुमचे काही जगावेगळे नाही.

आता करायचे काय? माझे मत असे की ते ॲप काढून टाकावे, आणि स्वतंत्र वेळ काढून बसण्याची सध्या घाई करू नये. (या वाक्यातील शब्द मुद्दाम वापरलेला नाही, पण राहू द्या.) दिवसातील एकच ठिकाण निवडावे, जिथे तुम्ही नेहमी जाताच, उदाहरणार्थ मुलीच्या खोलीचे दार. तिथे पोहोचल्यावर एक श्वास सावकाश सोडावा. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे असे मी म्हणतो, त्याला शारीरिक आधार आहे: श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते आणि घेताना किंचित वाढते, आणि हा फरक मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूमार्फत होतो. मग वाचायला बसावे. वाचताना मन जाईल. गेल्याचे कळेल तेव्हा ज्या ओळीवर असाल त्या ओळीवर यावे. मागचे हुकलेले पान भरून काढण्याचा प्रयत्न करू नये आणि स्वतःला दोषही देऊ नये, कारण दोष देणे हीदेखील एक भटकंतीच आहे, फक्त ती सद्गुणाचे कपडे घालून येते.

'दुसरी_बाजू' यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जो अभ्यासक्रम सुरू केला, तो दीर्घकालीन वेदना आणि आजार यांनी त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी होता. कामाचा वाढता बोजा लोकांनी निमूटपणे सोसावा म्हणून तो सुरू झालेला नव्हता. 'रातपाळी' यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. प्रत्येक सैल धागा कागदावर बांधून ठेवायचे ठरवले, तर यादी करणे हेच काम होऊन बसते. काही धागे लोंबकळत राहू द्यावेत आणि त्यांच्यासकट गोष्ट वाचावी.

एक सावधगिरीची सूचना. डोळे मिटून श्वासाकडे पाहिल्याने काही जणांची अस्वस्थता वाढते, विशेषतः मनावर एखादा मोठा आघात झालेला असेल तर. तसे जाणवल्यास डोळे उघडे ठेवून तळपायांना लागणाऱ्या जमिनीकडे किंवा खोलीतील आवाजांकडे लक्ष द्यावे, आणि त्रास टिकून राहिला तर तज्ज्ञांशी बोलावे.

मितभाषी

फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पालथा घालून शेजारी ठेवणे पुरेसे नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फोन बंद असूनही टेबलावर असल्यास आकलनाच्या चाचणीतील कामगिरी घसरते असे आढळले होते. नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम दर वेळी दिसलेला नाही, तेव्हा त्याला मी पुरावा म्हणत नाही. माझ्या घरात मात्र दिसतो.

सांजवेळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, पण करून पाहिल्याशिवाय आभार मानणे बरे वाटले नाही.

प्रथम दोन तासांचा हिशेब. आठवडाभर लिहिले आणि जे दिसले त्याने मला राग आला. त्यातील सव्वा तास कामानेच घेतला आहे. सकाळची बैठक अर्धा तास अलीकडे आली, ती कुणी आणली हे आता कुणालाच आठवत नाही, आणि एका सहकाऱ्याने सोडलेला मासिक अहवाल 'तुम्ही घरीच असता' या कारणाने माझ्याकडे आला, जो मी त्या वेळी कौतुक समजून स्वीकारला होता. बैठक मी पूर्ववत करून घेतली. अहवालाबद्दल बोलणे चालू आहे आणि त्याचे काय होईल हे सांगता येत नाही.

हँडओव्हरच्या टिपेचा उपयोग झाला, पण पहिले चार-पाच दिवस अजिबात झाला नाही. लिहून ठेवल्यावरही मन दर थोड्या वेळाने जाऊन तपासून येत असे, जणू त्याचा माझ्या अक्षरावर विश्वास नव्हता. सकाळी टीप उघडून त्यातले पहिले काम खरोखर पहिले करू लागले, तेव्हापासून ते तपासणे कमी झाले. सकाळी आल्या आल्या पत्रे उघडली की संध्याकाळची टीप निरर्थक ठरते, हे मला आधी कळले नव्हते.

ॲप काढून टाकले. मुलीच्या दारापाशी श्वास सोडण्याचे अर्ध्याअधिक दिवस विसरते आणि मधल्याच एखाद्या पानावर आठवते. तेव्हा जिथे असते तिथून पुढे वाचते. परवा मध्येच थांबून मी तिला विचारले की हा म्हातारा आधी कुठे आला होता, तर तिने अत्यंत समाधानाने मला मागची सगळी गोष्ट सांगितली. त्यात बराच वेळ गेला आणि त्या रात्री वाचन पुढे सरकले नाही.

वडिलांना मी फोन केला. संगणक मिटवून खिडकीशी उभी राहिले आणि त्या दिवशी माझे लक्ष नव्हते हे सरळ सांगून टाकले. ते म्हणाले, "ते मला कळलेच होते." मग त्यांनी त्या सहकाऱ्याविषयी सांगायला सुरुवात केली. ते चाळीस मिनिटे बोलले. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास माझ्या अंगात अशी काही चुळबुळ सुरू झाली की फोन कानाला लावून मी खोलीतली वस्तू न् वस्तू सरळ करू लागले, आणि प्रेमाने ऐकत असतानाही शरीर पळू पाहते याचे मला नवल वाटले. पुन्हा खिडकीशी आले. त्यानंतरचे बहुतेक ऐकले, सगळे नाही.

'रातपाळी' यांना एक विचारायचे आहे. टिपेत घरची कामेही लिहावीत का? मी लिहून पाहिली, तर तीन ओळींच्या अकरा झाल्या.

रातपाळी

आम्ही हँडओव्हरमध्ये फक्त तेच सांगतो, जे पुढच्या पाळीत घडणार आहे किंवा बिघडू शकते. बाकीचे रुग्णाच्या फाइलमध्ये असते आणि ते कुणी तोंडी वाचून दाखवत नाही. घरच्या कामांची एक वेगळी वही ठेवा आणि ती आठवड्यातून एकदा उघडा. टीप तीन ओळींचीच राहू द्या. अकरा ओळींचा हँडओव्हर घेताना माझे स्वतःचे लक्ष पाचव्या ओळीनंतर उडते.